दोन डाव्या पंखांचा बगळा

२ फेब्रुवारी

बोलायचं आहे, पण बोलू दिलं जात नाही, अशा माझ्या तमाम बंधूंनो आणि भगिनींनो! शाळेत "गप्प बस" ऐकलेल्यांनो, घरात "हळू बोला, शेजारी ऐकतायत" ऐकलेल्यांनो, सभेत हात वर करून करून खांदे अवघडलेल्यांनो! आज तुमच्यातला आणखी एक आवाज दाबला गेला आहे. दाबणारा घशाचा डॉक्टर आहे.

त्याने माझ्या घशात नळी घातली, पडद्यावर बघितलं आणि विचारलं, "काय काम करता?"

"दिवाबत्ती खात्याच्या कर्मचारी संघटनेचा सरचिटणीस आहे. गावातले दिवे आमचे लोक लावतात. त्यांच्या वतीने मी बोलतो."

"किती बोलता?"

"गरजेपुरतं."

ही बाजूलाच बसली होती. ती खोकली.

स्वरतंतूंवर गाठी आल्या आहेत म्हणे. महिनाभर मौन. कुजबुजायचंसुद्धा नाही, कुजबूज तर जास्त वाईट.

"आणि बोललो तर?" मी मोठ्याने विचारलं.

"हा तुमचा शेवटचा प्रश्न," डॉक्टर म्हणाला. "बोललात तर शस्त्रक्रिया. आवाज राहील. पण तो तुमचाच वाटेल, असं मी सांगू शकत नाही."

बांधवांनो, मार्चच्या पहिल्या आठवड्यात संघटनेची वार्षिक सभा आहे. तिथे निवडणूक आहे. माझ्या विरोधात सहसचिव उभा आहे. हा मनुष्य बोलतो तेव्हा स्वतःच्या शर्टाच्या गुंडीला गुपित सांगतोय असं वाटतं. माझ्याकडे आवाज नसेल तर त्याच्यात आणि माझ्यात फरक काय उरला? म्हणून ही वही. इथे मला कुणी थांबवू शकत नाही.

४ फेब्रुवारी

हिने मला पाटी आणि खडू दिला. पाटीवर वक्तृत्व चालत नाही. "या अन्यायाविरुद्ध" एवढं लिहीपर्यंत पाटी भरते आणि समोरचा माणूस उठून जातो.

आज जेवताना हिने एक गोष्ट सांगून पूर्ण केली. तिच्या आत्याचा पोपट हरवला होता ती. ही गोष्ट तिने आमचं लग्न ठरलं तेव्हा सुरू केली होती. शेवट चांगला आहे.

५ फेब्रुवारी

मेहुणा आला. हिचा धाकटा भाऊ. चष्म्याचं दुकान चालवतो आणि सुट्टीच्या दिवशी मैदानावर जाऊन विमानं उडवतो. लहान, लाकडाची, हाताएवढी. माणूस पन्नाशीला आला तरी.

"भावजी, तोंड बंद आहे तर हात चालवा," तो म्हणाला. "एक तारखेला आमच्या मंडळात जुन्या विमानांचा दिवस आहे. आजोबांच्या काळातल्या नकाशावरून बांधायचं. बॅटरी नाही, रिमोट नाही. पोटात रबर, त्याला पीळ द्यायचा, पुढचा पंखा फिरतो. हातातून सुटलं की सुटलं. मग त्याला काही सांगता येत नाही."

मी पाटीवर लिहिलं, "काही सांगता येत नाही म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही खाली उभं राहून बघायचं. गप्प."

ही हसली. हिला हसताना गालावर खळी पडते, हे मला माहीत होतं, पण बरेच दिवसांत तपासलं नव्हतं.

मेहुण्याने तीन नकाशे ठेवून दिले आणि म्हणाला, निवडा.

६ फेब्रुवारी

निवड झाली आहे. निवडीला वेळ लागतो तो ज्यांना विचार नसतो त्यांना.

पहिला नकाशा एका बुटक्या विमानाचा. नाक वर, पोट सुटलेलं. आमच्या खात्याच्या मुख्य अभियंत्यासारखं दिसतं. बाद.

दुसरा नकाशा बगळ्याचा. मंडळात त्याला हेच नाव आहे. लांब पंख, काटकुळं अंग, बाकी काही नाही. दिसायला सभेच्या कोपऱ्यात बसून टाळ्यासुद्धा न वाजवणाऱ्या माणसासारखं.

तिसरा! बांधवांनो, तिसरा नकाशा उलगडला आणि माझ्या अंगावर काटा आला. तीन मजली विमान! पंखावर पंख, त्यावर पंख! मधे तारा, खांब, खालून चाकं. हे विमान नाही, हा मोर्चा आहे. मी याच्यावर दोन ग्रंथ वाचले आहेत, म्हणजे विमानांच्या इतिहासावर. तीन मजली विमान बघूनच शत्रूची गाळण उडत असे.

मी पाटीवर लिहिलं: "तीन मजली."

ही म्हणाली, "अहो, पहिल्यांदाच करताय. एका पंखाचं तरी जमू दे. तो बगळा करा. किती छान आहे, उगाच काही मिरवत नाही."

मी तीन मजलीच्या बाजूने लिहायला लागलो. पाटी सात वेळा पुसली. तोवर तिचे कपडे वाळत घालून झाले होते.

९ फेब्रुवारी

सकाळी जिन्यात शेजारी भेटला. सकाळी धावायला जातो तो. माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "काल काय बोललात हो! मुद्दा पटला. बगळाच बरोबर. फक्त शेवट जरा लांबला."

मी महिनाभर एक अक्षर बोलणार नाही, हे साऱ्या इमारतीला माहीत आहे. मुक्या माणसाची अशी थट्टा करणाऱ्याला काय म्हणावं? आणि याला बगळ्याचं कुणी सांगितलं? हिने. दुसरं कोण. भिंतीपलीकडे प्रचार सुरू झाला आहे.

हिचे डोळे सुजले आहेत. विचारलं तर म्हणाली, "झोप नाही झाली." आणि गालातल्या गालात हसली. न झोपता हसणारा माणूस मी प्रथमच बघितला.

१० फेब्रुवारी

मेहुणा निर्णय विचारायला आला. मी पाटी वर केली, तीन मजली. ही शांतपणे म्हणाली, "त्यांनी परवाच बगळ्याला पाठिंबा दिलाय."

मी "नाही" लिहिलं.

"दिलाय. जाहीर. 'ही म्हणते तेच खरं, तिचं मी कधी ऐकलं नाही, ही माझी चूक आहे,' असंही म्हणालात."

बांधवांनो! हे वाक्य माझं असणं शक्य आहे का? तुम्हीच सांगा. त्याची रचना बघा. त्यात एकही विशेषण नाही.

मेहुणा म्हणाला, "भावजी, शब्द फिरवू नका."

मी लिहिलं, "मी शब्दच काढलेला नाही!!" खडू मोडला.

शेवटी गुप्त मतदान ठेवलं. तीन मतदार. डब्यात चिठ्ठ्या टाकल्या. दोन बगळा, एक तीन मजली. मी लोकशाही मानतो. निकाल मान्य केला आणि निषेध नोंदवला. निषेध पाटीवर मावला नाही म्हणून फ्रिजला चिकटवला.

१३ फेब्रुवारी

काम सुरू. जेवणाच्या टेबलाचा पुढचा अर्धा भाग मी घेतला आहे. नकाशा पसरायचा, त्यावर पातळ प्लास्टिक, त्यावर बाल्साच्या काड्या. हे लाकूड इतकं हलकं की शिंकलो तर शेपूट उडून गॅसजवळ गेलं. शिंकायला परवानगी आहे, हे डॉक्टरला विचारून घेतलंय.

पंख म्हणजे पुढे एक जाड काडी, मागे एक बारीक काडी, मधे फासळ्या. फासळी वरून फुगीर, खालून सपाट. टाचण्यांनी दाबून ठेवायचं आणि डिंक वाळायची वाट बघायची. वाट बघणं हे माझ्या स्वभावात नाही. तरी बसलो. ही समोर बसून बडबडत होती. शाळेत असताना तिला नकाशे काढायला आवडायचे, हे कळलं. नद्या निळ्या शाईने काढायची.

मी विचारलं (पाटीवर), "मला का नाही सांगितलंस?"

"सांगत होते. तुम्ही मधेच पाणीटंचाईवर बोलायला लागलात."

१५ फेब्रुवारी

नकाशात एकच पंख काढलेला आहे, डावा. कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहिलंय: "दुसरा पंख याच्या उलट काढून घ्यावा."

मी हे वाचलं. वाचून थांबलो. का उलट? एक पंख सुलट आणि दुसरा उलट, ही कुठली रीत? दोन्ही पंखांना सारखंच उडायचंय ना? मी हयातभर कधी डावं-उजवं केलेलं नाही. कामगारांत नाही, मुलांत नाही, पंखांत तर नाहीच. एकाच नकाशावर दोन्ही पंख बांधले. तंतोतंत सारखे. एकावर एक ठेवले तर काडीसुद्धा बाहेर येत नाही.

ही येऊन बघून गेली. म्हणाली, "अगदी सारखे झालेत. अगदीच."

मी मान लववून कौतुक स्वीकारलं.

१६ फेब्रुवारी

जोडायला घेतलं. डावा पंख डावीकडे बसला. दुसरा उजवीकडे लावला तर फुगीर बाजू खाली. फिरवला तर जाड काडी मागे. परत फिरवला. मग विमान फिरवलं. मग मी टेबलाच्या पलीकडे जाऊन उभा राहिलो.

हिने भाजी चिरता चिरता बघितलं. मग सुरी ठेवली, दारापाशी गेली, माझी डावी चप्पल घेऊन आली आणि माझ्या उजव्या पायापुढे ठेवली.

"घाला."

मी तिच्याकडे बघितलं.

"घाला ना. डावं-उजवं कशाला करायचं?"

मग ती इतकी हसली की तिला खुर्चीवर बसावं लागलं. मेहुण्याला फोन करून सांगितलं. तोही हसला. फोन कानापासून लांब धरला तरी ऐकू येत होता. म्हणाला, "भावजी, तुम्ही डावे आहात हे गावाला माहीत आहे. विमानालाही सांगायची काय गरज होती?"

बांधवांनो, माझं वाक्य तयार होतं. असं वाक्य की दोघंही जागच्या जागी गप्प झाले असते. ते घशापर्यंत आलं. मी गिळलं. गिळताना दुखलं.

१७ फेब्रुवारी

विचार केला आणि ठरवलं. उजवा पंख माझ्या हातून होणार नाही. हा विमानाचा प्रश्न नाही, निष्ठेचा आहे. एकाच बाजूला एवढी वर्षं उभा राहिलेला माणूस उतारवयात कागद उलटा करून बसणार नाही. पाटीवर एवढंच लिहिलं: "प्रकल्प स्थगित."

ही म्हणाली, "बरं."

मेहुणा येऊन सांगून गेला की कागदाला तेल चोळलं की रेघा मागून दिसतात, मग त्याच नकाशावर उलट पंख होतो. मी ऐकलंच नाही.

१८ फेब्रुवारी

मधली तपासणी. डॉक्टरने नळी घातली आणि भुवया वर केल्या.

"आवाज वापरला जातोय. लाली आहे. परवा-तेरवाचीच."

मी पाटीवर लिहिलं, "शपथेवर सांगतो, एक शब्द नाही."

"तंतू खोटं बोलत नाहीत. असंच चाललं तर पुढच्या महिन्यात टेबलावर घेणार. मग तुमची सभा वगैरे विसरा."

 हिने माझे हात धरले. मग ती डॉक्टरला हळूच म्हणाली, "रात्री घोरलेलं चालतं का?"

"चालतं."

"आणि... घोरण्याच्या पलीकडचं काही?"

डॉक्टरने आळीपाळीने आम्हा दोघांकडे बघितलं. म्हणाला, "पलीकडचं काहीही नको."

एवढी वर्षं संसार झाला, पण हिला परक्या माणसासमोर असलं काही विचारताना मी कधी बघितलं नव्हतं. घरी येईपर्यंत मी रिक्षाच्या बाहेर बघत बसलो.  

२० फेब्रुवारी

रात्री विचित्र स्वप्न पडलं. प्रचंड सभा. मी उभा राहिलो, "बंधूंनो" म्हणालो आणि अध्यक्षांनी टेबलावर थाप मारून सांगितलं, "सभा संपली. सगळ्यांनी घरी जा." लोक उठून गेले. मीही खाली बसलो. अध्यक्षांचा शब्द मोडायचा नाही, हा माझा नियम आहे.

अध्यक्षांचा आवाज बायकी होता. बांगड्याही वाजल्यासारख्या वाटल्या.

२३ फेब्रुवारी

पुन्हा तेच. चार शब्द होत नाहीत तोच "सभा संपली." माझ्या स्वप्नांत कुणीतरी फूट पाडली आहे. संशय सहसचिवावर.

हिला हल्ली दुपारी टेबलावर डोकं टेकून झोप लागते. वय झालं. सकाळी तिची खुर्ची माझ्या पलंगाला लागून असते. रात्री वाचत बसते म्हणाली. खुर्चीखाली बाल्साचा भुसा आहे आणि पलंगाच्या चादरीला तेलाचा वास येतो. वाचनाची ही कोणती पद्धत, कळत नाही. झाडून घेतलं.

२५ फेब्रुवारी

सकाळी टेबलावर उजवा पंख होता.

पूर्ण. फासळ्या सरळ, जोड स्वच्छ, वर पातळ कागद ताणून बसवलेला, पाणी शिंपडून घट्ट केलेला. बोट आपटलं तर डफासारखा आवाज येतो. माझ्या डाव्या पंखावरच्या कागदाला सुरकुत्या आहेत. याला एकही नाही.

मी लिहिलं, "हा कधी केलास?"

"वेळ होता," ही म्हणाली आणि जांभई दिली.

मी पंख उचलून बराच वेळ बघत राहिलो. खालच्या बाजूला, कुणाला दिसणार नाही तिथे, निळ्या शाईची एक बारीक वळणावळणाची रेघ आहे. विचारलं, हे काय? म्हणाली, "नदी."

तत्त्व म्हणून मी तो पंख जोडला नाही. तिला जोडू दिला. मी फक्त विमान धरलं.

१ मार्च

मैदानावर माणसंच माणसं. जुनी विमानं आणि त्यांच्यापेक्षा जुने मालक. मंडळाचा अध्यक्ष ध्वनिवर्धक घेऊन माझ्याकडे आला. "आपल्यात तोफ हजर आहे! दोन शब्द बोला!" लोक टाळ्या वाजवायला लागले. बांधवांनो, ध्वनिवर्धक माझ्या ओठांपासून वीतभर होता. जाळीचा तो ओळखीचा वास आला. ही माझ्याकडे बघत होती. बरी नजर नव्हती ती, घाबरलेली होती. मी पाटी ध्वनिवर्धकासमोर धरली. तीवर "धन्यवाद" होतं. माझ्या सार्वजनिक आयुष्यातलं हे सर्वांत लहान भाषण, आणि टाळ्या नेहमीपेक्षा जास्त वाजल्या. याचा अर्थ काय, यावर सवडीने विचार करीन.

आमची पाळी आली. मी नाक धरलं, मेहुण्याने रबराला पीळ दिला, हिने बगळा उचलला. "सोडू?" असं मलाच विचारलं. मी मान हलवली.

बगळा वर गेला. आरडाओरडा नाही, घाई नाही. मेहुणा पुटपुटला, "बघा, बघा ताई." बगळा वर जाऊन वळला. उजवीकडे. मला डावीकडे वळायला हवा होता. सांगण्याची सोय नव्हती. पुन्हा उजवीकडे. बाकीची विमानं नाकं खुपसून बसली होती आणि हा अजून वरच होता. रबर संपलं, पंखा थांबला, तरी हा तरंगतोय. माझ्या घशात एक अख्खं भाषण फडफडत होतं. मी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. ही मात्र ओरडली. काय ओरडली ते शब्द नव्हते. मोकळा, मोठा आवाज. असा आवाज हिला आहे, हे मला माहीत नव्हतं.

मग वारा फिरला आणि बगळा मैदानाच्या कडेच्या सर्वांत उंच झाडाच्या शेंड्यावर जाऊन अडकला.

काठ्या पुरल्या नाहीत. दोरी पुरली नाही. मेहुणा अर्ध्या खोडापर्यंत चढला आणि चष्मा पडला म्हणून उतरला. विमान हातात परत यावं लागतं, म्हणून विजेत्याची ढाल दुसऱ्या कुणाला तरी मिळाली. ही अंधार पडेपर्यंत झाडाखाली उभी होती. येताना एक शब्द बोलली नाही. हिच्या गप्प बसण्याची मला आता सवय राहिलेली नाही.

२ मार्च

डॉक्टरने नळी घातली. बराच वेळ बघितलं. "स्वच्छ," म्हणाला. "मधे कुणीतरी तुम्हाला चांगला आवर घातलेला दिसतो."

मी म्हणालो, "आत्मसंयम."

माझा आवाज! माझाच! जरा बारीक, जरा खरखरीत, पण माझा!

"परवा सभा आहे ना?" डॉक्टर म्हणाला. "चार वाक्यं बोला. पाचवं बोललात तर पुन्हा इथे. पुढे हळूहळू वाढवू."

हे सांगायला बाहेर आलो तर ही बाकावर बसल्या बसल्या गाढ झोपली होती. तोंड उघडं, पिशवी मांडीवर. उठवलं तर दचकून म्हणाली, "सभा संपली!" मग मला बघून म्हणाली, "काय म्हणाले?"

मी सांगितलं. ती रडली. एवढ्याशा लालीचं हिने मनाला फारच लावून घेतलं होतं.

३ मार्च

उद्या सभा. सहसचिव तासभर बोलणार आहे असं कळलं. हातमोज्यांवर, रात्रपाळीवर, बदल्यांवर. सगळे माझेच मुद्दे, त्याच्या गुंडीला सांगणार. माझ्याकडे चार वाक्यं.

सकाळपासून लिहितोय आणि खोडतोय. पहिलं वाक्य अन्यायावर होतं, पण ते एकटंच पान भरून गेलं. दुसरं इतिहासावर होतं. संध्याकाळी चहा घेऊन खिडकीशी आलो तर ही तिथे उभी होती. आमच्या खिडकीतून मैदान दिसत नाही. ती त्याच दिशेला बघत होती.

"वाऱ्याने फाटत असेल हो कागद," म्हणाली.

मी आजवर हजारो लोकांसाठी मागण्या केल्या. हिच्यासाठी एकही केली नाही. हिने कधी मागितलं नाही म्हणून, असं मी म्हणणार होतो. पण मागायला मधे जागा सोडावी लागते.

सगळं खोडलं. निवडून द्यायचं तर देतील, नाही तर गुंडीवाला आहेच. उद्याचं भाषण पुढीलप्रमाणे. याच्यात आता एक शब्द बदलणार नाही.

दिवाबत्ती खात्यातल्या बंधूंनो आणि भगिनींनो, मत ज्याला द्यायचं त्याला द्या. मैदानाच्या कडेच्या उंच झाडावर आमचा बगळा अडकला आहे, आणि तिथवर पोचेल अशी शिडी साऱ्या गावात फक्त तुमच्याकडे आहे. रविवारी सकाळी उजाडताच ती घेऊन मैदानावर या. आणि वर चढाल तेव्हा आधी उजव्या पंखाला हात द्या, तो हिने केलाय.